कार्ट्रिज बदललंच नव्हतं

सोलापुरात ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवता चालवता सीट वर-खाली करू देणारी सीटखालची दांडी, असलेल्या सायकली किती असतील? रविवारी पहाटे हिप्परग्याच्या तलावाकडे निघणाऱ्या टोळक्यात एखाददुसरी दिसते. बाकीच्यांचं खाली उतरून एलन कीने सीट वर-खाली करण्यावर भागतं. वस्तू दुर्मिळ, तिला हात लावणारे त्याहून दुर्मिळ, आणि आत काय असतं हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. फसवणाऱ्याला आणखी काय पाहिजे? माझे साडेआठ हजार रुपये कसे गेले ते लिहितोय. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव घेत नाही. तशी नावाची गरजही नाही, कारण ही युक्ती कुठल्याही गावात चालेल अशी आहे.

ज्यांनी ड्रॉपर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हँडलवरचं लिव्हर दाबून सीटवर वजन टाकलं की सीट खाली जाते, वजन काढून दाबलं की वर येते, आणि मध्ये जिथे लिव्हर सोडाल तिथे थांबते. उतारावर सीट खाली असली की अंग मागे आणि खाली नेता येतं, चढावर ती वर असली की पायाला पूर्ण ताण मिळतो. आतली करामत ऑफिसच्या फिरत्या खुर्चीतल्या गॅसच्या दांड्यासारखीच. एक बंद नळी, तिच्यात दाबाखालचा वायू आणि तेल, आणि लिव्हरच्या वायरने उघडणारा व्हॉल्व्ह. या नळीला कार्ट्रिज म्हणतात. बऱ्याच पोस्टमध्ये ते उघडून दुरुस्त करत नाहीत, गेलं की आख्खं बदलतात. पैशाचा सगळा खेळ या आख्खं बदलण्यात आहे.

(सपाट सोलापुरात हे चोचले कशाला, असं विचारणाऱ्यांनी तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाची एखादी दगडधोंड्यांची वाट सीट वर ठेवून उतरून दाखवावी.)

माझा पोस्ट ३१.६ मिलिमीटर जाडीचा, १५० मिलिमीटर ड्रॉपचा (म्हणजे सीट तेवढी खाली जाते), वायरवर चालणारा. सीट काढली की वर हवेचा व्हॉल्व्ह दिसतो. उन्हाळाभर मुरमाच्या रस्त्यांवर फिरून तो मंद झाला. लिव्हर दाबलं तरी सीट रेंगाळत वर यायची आणि पूर्ण वर यायच्या आधी दोन बोटं थांबायची.

दुकान दिसायला झकास. भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं, काचेच्या कपाटात परदेशी डबे. मालकाने सायकल स्टँडला लावली, सीट दोन्ही हातांनी धरली आणि डावी-उजवीकडे हलवली.

"टकटक ऐकू येतीय का मालक? कार्ट्रिज गेलंय."

मग विचारलं, "गाडी सीटला धरून उचलता का?"

सायकलवाला सीटला धरून उचलणार नाही तर कशाला धरून उचलणार? मी हो म्हणालो.

"मग तेच की ओ. आत हवा घुसली."

यातली मेख बघा. सीट खाली असताना तिला धरून सायकल उचलू नये हे खरं आहे. काही हायड्रॉलिक पोस्टमध्ये त्यामुळे हवा तेलाच्या बाजूला शिरते आणि सीट बसल्यावर स्पंजासारखी दबते. पण माझी सीट दबत नव्हती, वर यायला उशीर करत होती. दोन्ही आजार वेगळे. आणि सीट डावी-उजवीकडे किंचित हलणं बहुतेक सगळ्या ड्रॉपरमध्ये असतंच. पोस्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, कार्ट्रिज त्यांच्या पोटात. यातली आतली नळी फिरू नये म्हणून खाचांमध्ये पितळी पिना बसवलेल्या असतात, त्या झिजल्या की टकटक वाढते. त्याचा कार्ट्रिजशी काही संबंध नाही. पिना बदलायला कार्ट्रिजच्या मानाने फार थोडा खर्च येतो. त्याने हवेचा दाब मोजला नाही, वायर सोडून बघितली नाही, फ्रेममध्ये पोस्ट आवळणारा क्लँप सैल करून बघितला नाही. खऱ्या-खोट्याची भेसळ करून निदान मात्र ठणठणीत सांगितलं.

तैवानहून पार्ट येईल म्हणाला. निम्मे पैसे यूपीआयने आधी, निम्मे नंतर. काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर निरोप आला, "नवीन कार्ट्रिज बसवलंय, घेऊन जा." गेलो. लिव्हर दाबलं तर सीट खाट्‌कन वर. आणि त्याने न मागता प्लॅस्टिकच्या पिशवीत तेलकट जुनं कार्ट्रिज हातात दिलं. "जुना पार्ट बघून घ्या मालक. आमच्यात लपवाछपवी नाही."

याहून प्रामाणिक दुकानदार कुठला, असंच कोणालाही वाटेल. या पिशवीसाठीच तर सगळं नाटक होतं.

पहिल्या पावसात काळी माती उडाली आणि सीट पुन्हा रेंगाळायला लागली, आधीपेक्षा जास्त. आमचा एक मित्र अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो, पॉवरलूमचे सुटे भाग बनवण्यात हात बसलेला. त्याच्याकडे गेलो. त्याने सीट काढली आणि सगळ्यात आधी शॉक पंप, म्हणजे जास्त दाबाचा छोटा हातपंप, लावला. पंपाच्या घड्याळात आकडा कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या बराच वर. पंप जोडताना थोडी हवा पंपाच्या नळीत निघून जाते, म्हणजे आतला खरा दाब त्याहूनही जास्त असणार. त्या खाट्‌कन आवाजाचा उगम हा होता. मंद पोस्टमध्ये नुसती हवा ठासली की तो थोडे दिवस नव्यासारखा उडतो.

हवा सोडून त्याने वरची कॉलर फिरवून काढली. आत गाडीच्या बेअरिंगला लावतात ते जाडजूड पिवळं ग्रीस कोंबलेलं, त्यात मुरमाची धूळ कालवलेली. हे ग्रीस इथे चालत नाही. सस्पेन्शनचं पातळ ग्रीस लागतं आणि तेही बोटाला पुसट लागेल इतकंच. त्याखाली कार्ट्रिज. स्टिकर तेलाने काळवंडलेला, कडा उचकटलेल्या. याला नवीन म्हणायचं तर माझ्या आजोबांनाही म्हणता येईल.

मग त्याने पिशवीतलं "जुनं" कार्ट्रिज घेतलं, टोकाची पिन दाबून दांडा पूर्ण बाहेर ओढला आणि व्हर्नियर लावला.

"काय बे, तुझी सीट दीडशे खाली जाते ना? ह्याचा दांडा शंभराच्या पुढं येतच नाही. हे तुझं कसं असंल?"

गणित इतकं सोपं आहे. सीट जितकी खाली जाते तितका दांडा नळीच्या आत-बाहेर झालाच पाहिजे. शंभर मिलिमीटरचं कार्ट्रिज दीडशेच्या पोस्टमध्ये कधीच नव्हतं, असू शकत नाही. दुसऱ्या कोणाचं तरी मेलेलं कार्ट्रिज मला माझं म्हणून दिलं होतं, आणि माझं जिवंत कार्ट्रिज माझ्याच पोस्टमध्ये "नवीन" म्हणून ठेवून साडेआठ हजार घेतले होते.

मित्राने सगळं पुसलं, पितळी पिना आणि सील साफ केली, पातळ ग्रीस लावलं, हवा कंपनीच्या आकड्यावर आणली. पोस्ट आजतागायत ठीक चालतोय. खर्च ग्रीसच्या ट्यूबचा, आणि त्याच्या मुलांना दिलेल्या शेंगाचटणीच्या डब्याचा.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरच्या घरी एवढं बघा. फ्रेममध्ये पोस्ट आवळणारा क्लँप सैल करा. तेवढ्यानेच सीट झरकन वर आली तर दुखणं क्लँप जास्त आवळल्याचं आहे, पोस्टचं नाही. बहुतेक क्लँपना ४ ते ६ न्यूटन-मीटर पुरतं, आपण मात्र फ्लायओव्हरचा नट असल्यासारखे आवळतो. मग पोस्ट बाहेर काढून खालची वायर सोडा आणि तिने उघडणारा व्हॉल्व्ह हाताने दाबा. हाताने नीट चालला तर दोष वायरीत किंवा लिव्हरमध्ये. लिव्हर न दाबता बसल्यावर सीट हळूहळू खाली जात असेल तर आधी वायरीचा ताण कमी करा, कारण ताणलेली वायर व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते. त्यानंतर हवा. ती पायपंपाच्या आवाक्यातली नाही, शॉक पंपच लागतो. किती भरायची ते आपल्या मॉडेलच्या पत्रकात बघा, दुसऱ्याच्या पोस्टचा आकडा घेऊ नका. आणि हवा पूर्ण सोडल्याशिवाय कॉलरच्या आत हात घालू नका. सगळं करूनही सीट बसल्यावर दबतच असेल, तर मात्र कार्ट्रिजवर संशय घ्यायला जागा आहे.

एवढ्यावरही दुकानात द्यावाच लागला, तर "जुना पार्ट दाखवा" एवढ्यावर भागत नाही. जुना पार्ट तर मलाही दाखवला होता. पोस्ट तुमच्यासमोर उघडायला लावा, कार्ट्रिजवर पर्मनंट मार्करने आपली खूण करा, फोटो काढा. बिलावर पार्ट नंबर आणि ड्रॉपची लांबी लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं "ड्रॉपर रिपेअर" आहे. समोर उघडायला नकार देणाऱ्याकडून सायकल परत घ्या. आणखी एक, आतली चकचकीत नळी कुणी व्हाइसमध्ये किंवा स्टँडच्या जबड्यात धरताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा. एक ओरखडा पडला की सील फाटायला सुरुवात होते. धरायची ती बाहेरची नळी.

दुकानदाराला जाब विचारला तेव्हा आधी म्हणाला, पोऱ्याकडून पिशव्यांची अदलाबदल झाली. स्टिकरचा फोटो दाखवला तेव्हा म्हणाला, तुम्ही बाहेर उघडलंत, आता आमची जबाबदारी नाही. शेवटी फुकट सर्व्हिस देतो म्हणाला. पैशाचं नाव नाही.

मित्राने उघडताना मोबाइलवर सगळं चित्रित केलं होतं, ते आता कामाला येतंय. यूपीआयची नोंद आहे, "नवीन कार्ट्रिज बसवलंय" हा निरोप आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात जाणार. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि वकील केलाच पाहिजे असं बंधन नाही. साडेआठ हजारांसाठी कोण एवढं करतं, असं घरी ऐकावं लागतंय. तो दुकानदारही याच वाक्याच्या भरवशावर असणार.

राहिलं ते पिशवीतलं कार्ट्रिज. काळ्या रंगाचं, १०० मिलिमीटरचं, अंगावर व्हाइसच्या दातांचे वळ. सोलापुरात किंवा आसपास कोणी ड्रॉपर दुरुस्तीला दिला असेल आणि जुना पार्ट परत मिळाला नसेल, किंवा मिळाला तो लांबीला जुळत नसेल, तर येऊन बघा. तुमचं निघालं तर घेऊन जा, फक्त तुमच्या बिलाची एक झेरॉक्स मला द्या.