ओपनरेडिऑस: क्रॅश सिम्युलेशनचा खुला सॉल्व्हर कितपत कामाचा?

अल्टेअर या सॉफ्टवेअर कंपनीने सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या रेडिऑस सॉल्व्हरचा (गाडी आदळल्यावर काय होतं ते गणिताने काढणाऱ्या प्रोग्रामचा) कोड ओपनरेडिऑस या नावाने एजीपीएल या खुल्या परवान्याखाली खुला केला. लायसन्सच्या खर्चामुळे क्रॅशच्या वाटेलाच न जाणाऱ्या छोट्या सप्लायरसाठी ही मोठी सोय झाली. सॉल्व्हर दमदार आहे. बाकीची जुळवाजुळव मात्र तुमची तुम्हालाच करावी लागते.

इन्स्टॉलेशन असं काही नाहीच. झिप उघडायची, कॉन्फिग फोल्डरचा पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यायचा, आधी स्टार्टर (मॉडेल वाचून तपासणारा भाग) आणि मग इंजिन (प्रत्यक्ष गणित करणारा भाग) चालवायचं. एलएस-डायना या दुसऱ्या क्रॅश सॉल्व्हरची के फाइल (मॉडेलची इनपुट फाइल) तो थेट वाचतो, पण तिच्यातली सगळी कीवर्ड, म्हणजे आज्ञा, नाहीत. त्यामुळे स्टार्टरची आउट फाइल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शून्य एरर पुरत नाहीत, वॉर्निंगही बघा. वगळलेलं कीवर्ड एखाद्या वेल्डचं निघालं, तर रन बिनबोभाट संपतो आणि उत्तर साफ चुकतं.

युनिटची खात्री सुरुवातीलाच करून घ्यावी. किलो-मिमी-मिलिसेकंदात स्टीलची घनता 7.85e-6 आणि ई (यंग्ज मोड्युलस, म्हणजे ताठपणा) 210 असतो, टन-मिमी-सेकंदात 7.85e-9 आणि 210000. भारत एनसीएपी या गाड्यांच्या सुरक्षा-रेटिंगमधल्या 64 किमी/तास ऑफसेट चाचणीसाठी (यात गाडीच्या पुढच्या भागाची एकच बाजू आदळते) पहिल्या पद्धतीत वेग 17.78 मिमी प्रति मिलिसेकंद होतो. गाडी 1100 किलोची असेल तर पहिल्याच सायकलला कायनेटिक एनर्जी साधारण 1.74 लाख ज्यूल दिसली पाहिजे. नसेल तर तिथेच थांबा.

खरी कटकट टाइमस्टेपची, म्हणजे सॉल्व्हर एका पावलात किती काळ पुढे सरकतो त्याची. 5 मिमीच्या शेल एलिमेंटला (पत्र्याच्या मॉडेलमधल्या एका छोट्या तुकड्याला) सुमारे 1 मायक्रोसेकंद मिळतो. त्यात कुठे 1.5 मिमीची चिंधी राहिली, तर अख्ख्या गाडीचा टाइमस्टेप तिच्यापायी 0.3 वर येतो. त्यावर मास स्केलिंगचा (लहान एलिमेंटचं वस्तुमान कृत्रिमरीत्या वाढवून टाइमस्टेप मोठा करण्याचा) उपाय आहे, पण वाढलेलं वस्तुमान एकूण किती यापेक्षा कुठे वाढलं ते महत्त्वाचं. एकूण 1 टक्का चालेल. तेच सगळं क्रॅश बॉक्सच्या (बंपरमागच्या, चुरडून धक्का शोषणाऱ्या पेटीच्या) टोकाला गोळा झालं तर डिसेलरेशनचा पहिला शिखरबिंदूच खोटा. आउट फाइलमधला एलिमेंटचा रकाना टाइमस्टेप कोणी अडवलाय ते सांगतो. तिथे इंटरफेस (भागांच्या एकमेकांना होणाऱ्या स्पर्शाचं मॉडेल) दिसू लागला, तर बहुधा टाइप 7 कॉन्टॅक्टमध्ये नोड (मेशचा एक बिंदू) पत्र्याला नको इतका चिकटलेला असतो. गॅप दोन्ही पत्र्यांच्या सरासरी जाडीच्या आसपास ठेवा आणि सुरुवातीचं पेनिट्रेशन मेशमध्येच काढून टाका. नोड कॉन्टॅक्टमधून वगळायचा पर्याय आहे खरा, पण रन पुढे रेटण्यासाठी तो वापरणं म्हणजे रोग्याऐवजी थर्मामीटर बदलणं.

शेलसाठी आयशेल 24 (एलिमेंटचा एक प्रकार) आणि जाडीत 5 इंटिग्रेशन पॉइंट घ्यावेत. मटेरिअलसाठी लॉ 36 (कर्व्ह देऊन वापरायचं मटेरिअल मॉडेल), तेही वेगवेगळ्या स्ट्रेन रेटच्या (विकृतीच्या वेगाच्या) कर्व्हसह. एकाच स्थिर कर्व्हवर डीपी (ड्युअल-फेज) स्टील चालवलं, तर रेल (गाडीच्या पुढच्या भागातला लांब आधार) प्रत्यक्षापेक्षा मऊ वागते आणि केबिनमधलं इंट्रूजन (पत्रा आत घुसणं) उगाच जास्त दिसतं.

आता ऑप्टिमायझेशन, म्हणजे सर्वात योग्य जाड्या शोधणं. त्याची सोय सोबत येत नाही; पायथनमध्ये स्वतः लिहावी लागते. रेल, क्रॅश बॉक्स, डॅश क्रॉसमेंबर अशा 5 जाड्या व्हेरिएबल धरल्या, तर रनच्या उत्तरांवर बसवायच्या क्वाड्रॅटिक सरफेसला (द्विघाती सूत्राला) 21 गुणांक लागतात, म्हणजे निदान 32 रन. सॅम्पलिंग लॅटिन हायपरक्यूबने (नमुने सगळ्या पल्ल्यात सारखे पसरवणाऱ्या पद्धतीने) करा. टो-पॅनचं (पायांसमोरच्या पत्र्याचं) इंट्रूजन आणि बी-पिलरच्या पायथ्याचं डिसेलरेशन (सीएफसी 60 हा गोंगाट गाळणारा फिल्टर लावून) हे रिस्पॉन्स घ्या.

इथे या सॉल्व्हरचा सर्वात मोठा गुण कामी येतो, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पॅरिथ पर्याय चालू असेल तर 8 कोरवर किंवा 64 कोरवर उत्तर तंतोतंत तेच येतं. एरवी बेरजेचा क्रम बदलला तरी रेलची घडी वेगळ्या ठिकाणी पडू शकते, आणि ऑप्टिमायझर त्या फरकालाच डिझाइनचा परिणाम समजून बसतो. मात्र भौतिक अस्थिरता यानेही जात नाही. बेस्ट म्हणून आलेल्या डिझाइनच्या जाड्या 2 टक्क्यांनी इकडेतिकडे करून पुन्हा चालवाव्यात. घडीचा आकारच बदलला तर ते डिझाइन सोडून द्यावं, वजन कितीही वाचत असो. 1.37 मिमीसारखी जाडी आली तर ती गिरणीत मिळणाऱ्या पत्र्यावर आणा आणि स्टॅम्पिंगमध्ये कोपऱ्यात पातळ होणारा भागही मॉडेलमध्ये घ्या.

उणिवा: चांगला प्रीप्रोसेसर (मॉडेल आणि मेश बनवणारं साधन) नाही, डमीचं (चाचणीतल्या मानवी पुतळ्याचं) मॉडेल नाही. निकाल आधी व्हीटीके फॉरमॅटमध्ये बदलायचे, मग पॅराव्ह्यू या प्रोग्राममध्ये बघायचे. 10 लाख एलिमेंटच्या मॉडेलला हे संथच वाटतं. कंपनी सॉल्व्हरचा कोड बदलून तो बाहेर देणार असेल, किंवा नेटवर्कवरून इतरांना वापरायला देणार असेल, तर एजीपीएलची अट वकिलाला दाखवा. नुसता आतल्या आत वापर असेल तर त्याची झळ लागत नाही.

क्रॅश बॉक्स, बंपर बीम, बॅटरी ट्रे अशा सब-सिस्टिमवर काम करणाऱ्यांनी बिनधास्त घ्यावा. डमीच्या छातीचे आकडे हवे असतील, तर त्यासाठी वेगळं बजेट ठेवूनच सुरुवात करा.