मॅच पेलेटच्या नावाखाली ३६,१४० रुपयांना बुडवलं: नेमबाज मुलांच्या पालकांनो, सावध राहा

आधी हिशेब. मॅच पेलेट म्हणजे स्पर्धेत एअर पिस्तुलातून मारायच्या शिशाच्या छोट्या गोळ्या. ५०० पेलेटचा डबा १,४५० रुपये, असे २० डबे, म्हणजे २९,०००. बॅरलच्या, म्हणजे पिस्तुलाच्या नळीच्या 'दुरुस्ती'चे ६,५००. पार्सलचे जाऊन-येऊन ६४०. एकूण ३६,१४० रुपये, आणि सगळे आंब्याचे. वर्षभर बागेत राबल्यावर हातात आलेले.

मुलगी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये तिला नेमबाजीच्या सरावाला लेन करून दिली. आता कुणी म्हणेल, विकणारा माणूस ओळखीचा नव्हता तर ऑनलाइन मागवलंच कशाला? अहो, मालवणच्या बाजारात मॅच पेलेट मिळतात का? इथले सगळे असेच मागवतात. हा इतरांपेक्षा डब्यामागे साडेतीनशेने स्वस्त देत होता, आणि स्पर्धा तोंडावर आली होती. पैसे मात्र दुकानाच्या नव्हे, कुठल्याशा बाईच्या खात्यावर मागितले. 'बिल नको असेल तर जीएसटी वाचेल' असंही म्हणाला. असं कुणी म्हटलं की तिथेच फोन ठेवा.

नवे डबे फोडले आणि ग्रुपिंग फुटलं, शॉट एका जागी पडेनात. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. जिचे शॉट नऊ-दहात बसायचे, तिचे आठात, कधी सातात जायला लागले. कोचनी ग्रिप बदलून पाहिली, ट्रिगर हलका केला. पोरगी रडायची, 'बाबा, माझा हातच गेलाय' म्हणायची. पैशांपेक्षा हे जास्त लागलं, आणि याची भरपाई मागायची कुणाकडे?

खूण समोर होती, कागदावरच. सपाट डोक्याचा पेलेट कागदातून स्वच्छ गोल भोक पाडतो. आमच्या कागदावर काही भोकं लांबट होती, एका बाजूने फाटलेली. म्हणजे पेलेट सरळ न जाता डुलत, तिरपा येत होता. त्या फाटक्या कडेवरून मी स्वतः बोट फिरवलं होतं! त्याच संध्याकाळी त्या विक्रेत्याला फोटो पाठवला, तर म्हणतो कसा, 'काका, तुमच्याकडे खारी हवा. बॅरलमध्ये शिसं धरलंय, तोंडाची कड खराब झालीय. पाठवून द्या, करून देतो.' खाऱ्या हवेत शिसं पांढरं पडतं हे इथे कोण नाकारेल? खोटं बोलला तेही आमच्या अंगणातलं खरं धरून. बॅरल परत आलं ते नुसतं तेल पुसून.

शेवटी मूठभर पेलेट सोनाराकडे नेले. डब्यावर वजन ०.४५ ग्रॅम. त्याच्या काट्यावर एक ०.४३, दुसरा ०.४९, तिसरा ०.४६. भिंगाखाली धरले तर कित्येकांचा मागचा पोकळ घेर चेपलेला, लंबगोल. हा घेर दाबाने फुगून बॅरलच्या आतल्या पिळाच्या आट्यांना धरतो, तेव्हाच पेलेटला नीट फिरकी मिळते. तोच वाकडा असेल तर पोरीने हात कितीही स्थिर ठेवून काय उपयोग? डब्यावरचा ४.५० मिलिमीटर मापाचा स्टिकर नखाने उचलला, तर खाली दुसराच आकडा आणि दुसराच लॉट नंबर. जुन्या डब्यात स्वस्त माल भरलेला.

शॉट पसरले की मुलाला बोलण्याआधी पिस्तूल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या पकडीत, घट्ट धरून दोन वेगवेगळ्या डब्यांतले पाच-पाच शॉट मारून बघा. हात बाजूला काढला की दोष कुणाचा ते कागद सांगतो.

पोलीस स्टेशनला गेलो तर पहिला प्रश्न: 'हत्याराचा परवाना खंय?' साडेचार मिलिमीटरचं, वीस ज्यूलच्या कितीतरी खालचं एअर पिस्तूल, त्याला परवाना लागत नाही. हे मी पोलिसांना समजावायचं! फसलेला मी आणि बाकावर आरोपीसारखा बसलोही मीच. मग म्हणे, 'तुमी आपल्या हातान पैशे धाडलास, मगे आमी काय करूचा?' भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? तक्रार घेतलीच नाही, सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय, मग हा सायबर गुन्हा कसा? ग्राहक आयोगात जा. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. प्रत्येक टेबलावर तोच अर्ज, तीच झेरॉक्स आणि 'साहेब जेवायला गेलेत'. पैसे पाठवल्यावर माल आलाच नाही तर ताबडतोब सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा, पण खोटा माल आला तर आमच्यासारखं टेबलाटेबलावर फिरावं लागू शकतं, हे लक्षात ठेवा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्यामुळे कुणीही मागे राहू नका. न फोडलेले डबे पुरावा म्हणून सीलबंद ठेवलेत. तुमच्याकडे असे डबे असतील तर फेकू नका, स्टिकर उचलतानाचा व्हिडिओ काढा. त्या विक्रेत्याचा नंबर अजून चालू आहे. रत्नागिरीच्या एका पालकांना मागच्याच आठवड्यात असाच वर स्टिकर चिकटवलेला डबा आलाय, आणि त्यांच्या मुलाचे कोच सध्या त्याची ग्रिप बदलताहेत.