डीडीयू-जीकेवाय सेंटरसाठी मोबिलायझेशन एजन्सी घ्यावी का? आमचा रिव्ह्यू

दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेचं (डीडीयू-जीकेवाय, गावातल्या गरीब घरच्या पोरांना फ्री ट्रेनिंग देऊन नोकरीला लावायची केंद्राची योजना) सेंटर चालवणाऱ्यांसाठी मुख्यतः लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. आम्ही यावेळी पोरं आणायचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं, म्हणजे गावात फिरून नावं गोळा करण्यापासून पोरगं बॅग घेऊन हॉस्टेलला येईपर्यंत सगळं त्यांच्याकडे. नाव घेत नाही, कारण जे खटकलं ते या लाईनमधल्या बऱ्याच जणांकडे तसंच चालतं.

आधी चांगलं सांगतो. कागदपत्रांचं काम एक नंबर. योजना २०१४ पासून आहे, तरी कोण बसतं नि कोण नाही हे गावात अजून नीट माहीत नसतं. वय १५ ते ३५, बायका आणि दिव्यांगांना ४५ पर्यंत, घर गरीब पाहिजे, म्हणजे बीपीएल किंवा अंत्योदय कार्ड, नाहीतर घरातल्या कुणी रोजगार हमीवर वर्षात किमान १५ दिवस काम केलेलं. एजन्सीची माणसं हे सगळं गावातच तपासायची. एका मुलीच्या जुन्या आधारवर नुसतं जन्मवर्ष होतं, पूर्ण तारीख नव्हती, ते यांनी फॉर्म भरतानाच पकडलं आणि तिला आधी आधार दुरुस्तीला पाठवलं. हेच बॅच सुरू झाल्यावर निघालं असतं तर किती फेऱ्या झाल्या असत्या ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

आता प्लॅनिंग. एजन्सीची एक्सेल शीट बघून आपण खुश होतो, तालुका, गाव, टार्गेट, रंगबिरंगी सगळं. पण जून-जुलैचं टार्गेट सगळ्यात मोठं ठेवलेलं! अरे त्या वेळी पेरणी असते, आणि दहावी-बारावीचा निकाल लागून पोरं आयटीआय नाहीतर कॉलेजच्या लिस्टची वाट बघत असतात, तोवर आपल्याकडे फ्री राहणं-जेवण आहे म्हणून येतात आणि लिस्टमध्ये नाव आलं की बॅग उचलून चालू पडतात. आमच्या बॅचमध्ये हेच झालं, आणि एजन्सीचं बिल मात्र जॉइनिंगच्या दिवशीच्या डोक्यांवर. पोरगं टिकलं का गेलं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. आपल्याला मात्र निदान ७० टक्के पोरांचं प्लेसमेंट दाखवावं लागतं, आणि गेलेल्या पोराची सीट भरायला नवीन पोरगं मध्येच आणून बसवता येत नाही, कोर्स पुढे गेलेला असतो.

दुसरं, नोकरीबद्दल गावात काय सांगतात ते स्वतः ऐका. यांचा मोबिलायझर एका गावात "नोकरी पक्की, जवळच मिळेल" सांगून आला होता. नोकरी निघणार चाकण नाहीतर हिंजवडी साईडला, शिफ्ट ड्युटी, खोलीभाडं कापून हातात काय उरतं हे पोराला आधी माहीत नसेल तर पहिल्या पगारानंतर तो घरी परत, आणि मग त्या गावातून पुढची दोन वर्षं कोणी येत नाही.

मुलींच्या बाबतीत तर एजन्सी फेलच म्हणा. योजनेत एक तृतीयांश महिला पाहिजेत आणि यांनी आणले जवळपास सगळे मुलगे. शेवटी उमेदच्या (राज्याचं बचत गटांचं अभियान) सीआरपी ताईंना, म्हणजे गावातच गटांचं काम बघणाऱ्या बायकांना फोन केला, त्यांनी ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांचा संघ) मीटिंगमध्ये विषय काढला आणि आयांनाच सेंटर बघायला घेऊन आल्या. एका आईने बाथरूमची आतली कडी दोनदा लावून बघितली, रात्री वॉर्डन बाई कुठे झोपतात ते विचारलं, मगच पोरीची बॅग खाली ठेवली. त्या मुली सगळ्या टिकल्या बरं का. एजन्सीच्या शीटमध्ये पालक भेट शेवटच्या कॉलममध्ये होती आणि बहुतेक ठिकाणी तो कॉलम रिकामाच.

माझ्याकडून पाचपैकी अडीच, त्यातले दोन कागदपत्रांचे. रेट फार जास्त नव्हता, वागायला पण माणसं चांगली, फोन उचलतात. पुन्हा काम दिलं तर निम्मे पैसे जॉइनिंगला आणि निम्मे महिन्याभराची बायोमेट्रिक हजेरी बघून, हे करारातच टाकणार, आणि मुलींचं काम ताईंकडेच ठेवणार. हे बोललो तेव्हा त्यांचे साहेब म्हणाले बघतो, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही.