ड्रायसूटचा गळा फाटला, तेव्हा लिहायला बसलो

कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवताना अंगात पाणी शिरू न देणारा माझा ड्रायसूट आठ महिने बिनतक्रार चालला. गेल्या आठवड्यात घालताना डोकं बाहेर काढलं आणि कानाखाली ‘टर्र’ झालं. मानेचं लॅटेक्स गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी घट्ट रबरी गळपट्टी, चार बोटं उभं फाटलं. बाकीचा सूट धडधाकट असून उपयोग शून्य. गळ्यातून पाणी आत येणार असेल तर तो सूट कसला, पखालच ती.

कंपनीला फोटो पाठवले. उलट प्रश्न आला, ‘सनस्क्रीन लावत होता का?’ चार-चार तास उन्हात वल्ही मारणारा माणूस दुसरं काय लावणार? तेलामुळे झालेली झीज वॉरंटीत बसत नाही म्हणे. लॅटेक्सला तेल, ऊन आणि ओझोन सोसत नाही हे खरंच आहे. पण मग ते पुस्तिकेच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत कशाला छापायचं?

एवढं होऊनही सूट वाईट म्हणवत नाही. आधी माझ्याकडे ३ मिलिमीटर जाडीचा बिनबाह्यांचा वेटसूट (पाणी आत येऊ देणारा, पण ऊब धरणारा रबरी सूट) होता आणि ‘एवढा पुरतो’ असं मी चारचौघांत ठासून सांगायचो. पुरत होता, कारण मी कधी पाण्यात पडलोच नव्हतो. एका लख्ख उन्हाच्या सकाळी, पाणी ८ अंश असताना, मित्राला शेजारी ठेवून मुद्दाम कयाक उलटवली. श्वास आपोआप आत ओढला गेला, नशीब की तोंड तेव्हा पाण्याबाहेर होतं. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. थोड्याच वेळात बोटं अशी बधिरली की लाइफजॅकेटचं बक्कल हाताला लागेना. तेव्हापासून ऊन बघून कपडे ठरवणं बंद, आधी पाण्यात थर्मामीटर.

ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही, हे मात्र मला उशिरा कळलं. पहिल्या दिवशी आत सुती गंजी घातला, घामाने भिजला आणि कोरड्या सूटमध्ये मी कुडकुडलो. आता आत लोकरीचा पातळ थर, वर फ्लीस. पाण्यात उतरण्याआधी उकिडवं बसून गॅस्केटमध्ये बोट घालायचं, आतली हवा फुस्सकन जाते. नाहीतर पाण्यात पडल्यावर ती पायांत जमते आणि पाय वर तरंगतात.

पहिल्या महिन्यात पितळी झिपला मी शिव्या घातल्या होत्या. त्या परत घेतो. मेण फिरवलं की सरकते.

नवीन सूट घेण्याइतका मी उदार नाही. नुसतं गॅस्केट आणि गोंद मागवला. जुन्याची बोटभर पट्टी ठेवून बाकी कापलं, कड स्पिरिटने पुसली, गळ्यात पातेलं उपडं घालून नवीन गॅस्केट त्यावर ताणून चिकटवलं आणि दोन दिवस हात लावला नाही. जोड वाकडा आलाय. बघणारे हसतात, हसू देत. सनस्क्रीन आता फक्त चेहऱ्याला, तीही सूट चढवून झाल्यावर, आणि हात धुतल्याशिवाय गळ्याला बोट लावत नाही.

परवा गळाभर पाण्यात अर्धा तास बसलो. आतली लोकर कोरडी ठणठणीत. सूटला चार तारे, पाचवा त्या मुंगीच्या अक्षरांपायी कापला. पातेल्याच्या बुडाचा गोंद मात्र अजून निघालेला नाही, आणि घरात ते कुणी परत घ्यायला तयार नाही.