आधी कागद की आधी इंजेक्शन?

"दादा, सुरुवात कुठनं करू?" विट्याच्या एका पोरानं मला विचारलं. मुलगी म्हणून वाढवलेला तो, आता त्याला पुरुष म्हणून जगायचं होतं. पुढच्याच महिन्यात, मुलगा म्हणून वाढवलेल्या कऱ्हाडच्या एका मुलीनंही तेच विचारलं. दोघांना मी उलटसुलट उत्तरं दिली. ती तशी का दिली, हे इथं लिहितो, म्हणजे तिसऱ्याला माझ्यापर्यंत पोचावं लागणार नाही.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब बघतो. माझ्या जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलेलं होतं. आमच्या भागात लोकांना जोगते माहीत आहेत, जतच्या यल्लम्माच्या यात्रेत दिसतात. दुकानोदुकानी येणारे तृतीयपंथीही माहीत आहेत. पण मुलगी म्हणून वाढवलेलं माणूस पुरुष असू शकतं, हे बऱ्याच घरांत कधी कुणाच्या कानावरच आलेलं नसतं. म्हणून आम्हा पोरांना समजावून सांगायला जास्त लागतं, आणि मुलींना टोमणे जास्त खावे लागतात. दोन्ही त्रास खरे आहेत.

कपडे आणि केस यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते मागे घेता येतं. केस वाढतात, शर्ट बदलतो. एकच गोष्ट बजावतो. छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी आवळू नका. मी एप्रिलच्या उन्हात हे केलंय. श्वास अपुरा पडायचा आणि बरगड्या आठवडाभर दुखायच्या. त्याच कामासाठी शिवलेला बायंडर घ्या, आपल्या मापाचा. दिवसाला आठ तासांच्या वर नको, आणि झोपताना तर अजिबात नको.

आता मूळ प्रश्न. आम्हा पोरांसाठीचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, आणि मुलींसाठीचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, ही दोन औषधं शरीरावर एका वेगानं काम करत नाहीत. माझ्या उत्तरातला फरक सगळा इथूनच आला.

टेस्टोस्टेरॉन सुरू केलं की साधारण तीन महिन्यांपासून वर्षभरात आवाज फुटतो. पाळी बहुतेकांची सहा महिन्यांच्या आत थांबते. दाढी-मिशी हळूहळू येते. आवाज एकदा उतरला की औषध बंद केलं तरी वर चढत नाही. म्हणजे काही महिन्यांतच तुमचा आवाज एक सांगतो आणि आधार कार्ड दुसरं. माझ्या बँकेनं फोनवर माझी ओळख पटवून घ्यायला नकार दिला. नाव, जन्मतारीख, खातं, सगळं बरोबर सांगूनही बाई म्हणाल्या, "खातेदारांना फोन द्या." ते काम मार्गी लावायला शाखेत तीन चकरा झाल्या. म्हणून विट्याच्या पोराला मी म्हणालो, कागद आधी हलव.

इस्ट्रोजेनचं उलटं आहे. छाती तीन ते सहा महिन्यांत वाढू लागते आणि पूर्ण वाढायला दोन-तीन वर्षं जातात. ती वाढ औषध सोडल्यावर जात नाही. पण आवाज इस्ट्रोजेननं बदलत नाही, त्यासाठी सराव करावा लागतो. आलेली दाढीही जात नाही. तिला लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेच्या सुईनं केसाचं मूळ जाळणं, लागतं. लेझर काळ्या केसांवर चालतं, पांढऱ्यांवर नाही, आणि एका बैठकीत भागत नाही. म्हणून कऱ्हाडच्या मुलीला सांगितलं की लेझर आणि आवाजाचा सराव आजपासून लाव, कारण वेळ तिथंच जाणार आहे. कागद मागाहून आले तरी तुझं अडणार नाही.

औषधाबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगतो. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून इस्ट्रोजेन म्हणून घेणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत. त्या गोळ्यांमध्ये बहुधा एथिनिल इस्ट्राडिओल असतं. त्यानं रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि सोबत सिगारेट असेल तर आणखीच. डॉक्टर देतात ते इस्ट्राडिओल वेगळं. पुरुषी हार्मोन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर रक्तातलं पोटॅशियम तपासावं लागतं. आम्हा पोरांना टेस्टोस्टेरॉननं रक्त दाट होऊ शकतं, म्हणून हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट ठरावीक काळानं बघायचं. जिममधल्या ओळखीतून इंजेक्शन घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. आणि पाळी थांबली म्हणजे गर्भ राहत नाही, असं समजू नका. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. पुढं स्वतःचं मूल हवं असेल तर वीर्य किंवा स्त्रीबीजं साठवायची चौकशी औषधाच्या आधी करा.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हटलं की घरच्यांना वाटतं, पोर वेडं ठरणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असणं मानसिक आजारांतून काढलेलं आहे, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. "बरं करून देतो" म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

मिरजेला दवाखान्यांची वाण नाही. मानसोपचार, रक्ततपासणी, दर दोन-तीन आठवड्यांचं इंजेक्शन, सगळं तिथं होतं. साताऱ्याहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळं तिकडच्यांना स्वारगेटची गाडी पकडून एका दिवसात जाऊन येता येतं. सांगलीहून त्याच्या दुप्पट लांब पडतं. माझं मत असं, की सुरुवातीचा डोस ठरवायला ज्याला या कामाची सवय आहे अशा पुण्या-मुंबईच्या डॉक्टरकडे जावं आणि पुढचं जवळच्या दवाखान्यात चालवावं. दर वेळी रजा टाकून पुणं गाठायचं ठरवलं की तपासण्या चुकायला लागतात. शस्त्रक्रियेचा विचार मात्र मोठ्या शहरातच करा, आणि झाल्यावर किमान पहिले काही दिवस शेजारी कोण असेल, हे आधी ठरवून ठेवा.

कागदाचे रस्तेही दोन आहेत. पहिला राजपत्राचा. महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव बदलून छापून घेता येतं आणि ते कुणालाही करता येतं. पण त्यानं फक्त नाव बदलतं, लिंग नाही. शिवाय जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी छापलं जातं आणि ते कायम राहतं. गावात कुणाला कळू द्यायचं नसेल तर हे लक्षात घ्या.

दुसरा रस्ता ओळख प्रमाणपत्राचा. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. मग पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला आणि २०२० चे नियम आले. मी २०२२ मध्ये राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज भरला. त्या नियमांप्रमाणे प्रतिज्ञापत्रावर, शरीराची तपासणी न करता, जिल्हाधिकाऱ्यांनी तीस दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं होतं. कायद्यात दुरुस्त्या होतात. म्हणून कुणाच्या जुन्या व्हिडिओवर जाऊ नका, अर्ज करायच्या दिवशी लागू असलेले नियम वाचा. त्यात वैद्यकीय कागद मागितला असेल तर पोरांनीही मानसोपचारतज्ज्ञाची भेट सगळ्यात आधी घ्यावी.

या पहिल्या प्रमाणपत्रावर "ट्रान्सजेंडर" असं येतं. पुरुष किंवा स्त्री असं हवं असेल तर कायद्यानं शस्त्रक्रियेनंतरचं सुधारित प्रमाणपत्र ठेवलं आहे. हा निर्णय मला सगळ्यात अवघड गेला. आधारवर लिंग एकदाच बदलता येतं आणि नाव दोनदा. त्यापलीकडं जायचं तर विभागीय कार्यालयाकडे खास विनंती करावी लागते. तुम्हाला वर्ष-दीड वर्षात शस्त्रक्रिया करायचीच असेल तर आधारवरचं लिंग तोवर तसंच ठेवून फक्त नाव आणि फोटो बदलणं मला बरं वाटतं. शस्त्रक्रिया नकोच असेल किंवा पैसा जमायला काळ लागणार असेल तर थांबू नका. पॅनवर २०१८ पासून ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे.

आधार झालं की पॅन, मग बँक. दहावीचं प्रमाणपत्र शेवटी धरा. सातारा-सांगलीसाठी ते बोर्डाच्या कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातं आणि तिथं शाळेचीही साथ लागते. मुख्याध्यापकांना एकट्यानं भेटू नका, समजूतदार मामा किंवा मावशी असेल तर सोबत न्या.

आणि घर. याच २०१९ च्या कायद्याचं कलम १२ सांगतं की पारलिंगी आहे म्हणून कुठल्याही मुलाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईबापांपासून तोडता येत नाही, आणि आईबापांच्या घरात राहायचा, ते घर वापरायचा हक्क प्रत्येक पारलिंगी माणसाला आहे. विट्याच्या पोराच्या वडिलांनी "बाहेर हो" म्हटलं, तेव्हा त्यानं भांडण न करता हे कलम मराठीत लिहून आईच्या हातात दिलं. आईनं ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय. पोरगं अजून घरातच राहतं.