वुडचा हाफपेनी की ‘व्होचे पॉप्युली’?

दोन्ही आयर्लंडची तांब्याची, अर्ध्या पेनीची नाणी; एक विल्यम वुडने पाडलेलं, दुसऱ्यावर ‘व्होचे पॉप्युली’ (लॅटिन, ‘लोकांच्या आवाजाने’) असं कोरलेलं. दोन्हींवर ‘हिबर्निया’ हे आयर्लंडचं लॅटिन नाव आणि बसलेली स्त्री. झिजलेलं नाणं हाती आलं की गफलत होतेच. आधी तारीख शोधा. वुडच्या नाण्यावर ती हिबर्नियाच्या नावापाठोपाठ कडेच्या अक्षरांतच येते: १७२२, १७२३ किंवा १७२४. ‘व्होचे पॉप्युली’वर स्त्रीच्या पायाखाली, वेगळ्या पट्टीत १७६० असते.

वुडचं नाणं राजाच्या परवान्याने पाडलेलं, म्हणून ठसा सुबक. पण डब्लिनला ते लादलेलं वाटलं, लेखक जोनाथन स्विफ्टने त्याविरुद्ध लेखणी उपसली आणि १७२५ मध्ये परवाना मागे घ्यावा लागला. पुढे काही नाणी अमेरिकेतल्या वसाहतींत गेली, त्यामुळे आज तिथले संग्राहकही ती मागतात. १७२३ चं सहज मिळतं. १७२२ चं, वीणा (हार्प) स्त्रीच्या समोर असलेलं, मात्र त्यापेक्षा कमी मिळतं आणि महाग.

‘व्होचे पॉप्युली’ डब्लिनमध्ये सुट्ट्या पैशांची टंचाई असताना खासगीरीत्या पाडलं गेलं. घडण ओबडधोबड, वजन कमी-जास्त. दुसऱ्या बाजूला कोरलेल्या पुरुषाच्या चेहऱ्याजवळ ‘पी’ (P) अक्षर दिसलं तर जपून ठेवा. मला स्वतःला हेच जास्त आवडतं.

आणि कृपा करून चिंच लावून घासू नका. तांब्याचा जुना तपकिरी रंग गेला की किंमतही जाते.