आठ महिने एकाच चायनीज हॉटेलात जेवल्यावर: वापरानंतरचा अनुभव

घराजवळ चायनीज हॉटेल उघडलं त्याला आता आठ महिने झाले आणि मी तिथे पंचवीसेक वेळा तरी जेवले असेन. त्यातल्या पहिल्या दहा-बारा वेळा इतकं छान मिळालं की ओळखीपाळखीच्या सगळ्यांना मी तिकडे पिटाळलं, आणि मागे एका शनिवारी ताई, भावोजी आणि भाचा अशी वरात घेऊन गेले तेव्हा सगळ्यांसमोर माझंच तोंड पडलं. त्यामुळे हा अर्धा रिव्ह्यू आणि अर्धा माफीनामा समजा. हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण मी ज्याच्यावर आठवडाभर चिडले होते तो माणूस गुन्हेगार निघालाच नाही, ते पुढे येईलच.

सुरुवातीला काय आवडलं होतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला मुळात चायनीजच आवडत नसेल. स्वयंपाकघराला काच होती. आत एक किडकिडीत आचारी आणि त्याची ती शेगडी, जिचा आवाज एवढा की पेटली की आपण बोलायचं थांबायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कोरडी परतलेली सिचुआन फरसबी मागवली होती, कुठलाही रस्सा नाही, शेंगांवर फोड आलेले, टोकं सुरकुतलेली, आत मात्र कच्च, आणि त्यात खारवलेल्या मोहरीच्या देठांचा बारीक चुरा. साधी फरसबी हो! पण तिला जो धुरकट वास होता ना, त्याच्यासाठी मी पुढचे चार महिने तिथे जात राहिले.

त्या वासाला दक्षिण चीनमधले कॅन्टनीज लोक ‘वॉक हे’ म्हणतात, वॉक म्हणजे कढई आणि ‘हे’ म्हणजे श्वास. पोलादी कढई इतकी तापलेली असते की कडेला सोया सॉस सोडला की पडल्या पडल्या करपतो, पदार्थ उडवला की तेलाचे बारीक थेंब ज्वाळेत पेटतात, आणि ते सगळं परत पदार्थालाच लागतं. घरच्या गॅसवर हे होत नाही, मी करून बघितलंय, नुसता धूर झाला आणि खिडक्या उघडाव्या लागल्या. आणि ते उडवणं दिसतं तेवढं सोपं अजिबात नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या दोघा संशोधकांनी आचाऱ्यांचे व्हिडिओ काढून त्याचा हिशोब मांडला होता, २०२० मध्ये तो पेपर आला, तर फ्राइड राइस करताना आचारी सेकंदाला साधारण २.७ वेळा कढई हलवतात. सेकंदाला! खांदे दुखतात बिचाऱ्यांचे, ते संशोधन सुरू झालं त्यामागे हेही एक कारण होतं. आमच्या किडकिडीत आचाऱ्याचं मी मोजलं नाही पण हात दिसायचा नाही एवढं नक्की.

यात एक मेख आहे. हे सगळं एका वेळी एक, फार तर दोन प्लेटींपुरतंच चालतं. कढईत सहा जणांचं एकदम ओतलं की ती थंड पडते, भाज्या पाणी सोडतात आणि मग परतणं राहतं बाजूला, सगळं आपल्याच पाण्यात शिजायला लागतं. हे मला तेव्हा माहीत असूनसुद्धा पुढे काय होतंय ते कळायला चार महिने लागले.

पाचव्या महिन्यात मेन्यू बदलला. आधी दोन पानांचा होता, आता वहीएवढा झाला, त्यात थाई करी आली, सुशी आली, पास्तासुद्धा आला (चायनीज हॉटेलात पास्ता कोण खातं, खरंच कुणीतरी सांगा). मग स्वयंपाकघराच्या काचेवर ऑफरचं मोठं पोस्टर चिकटलं. मग दारात हेल्मेट घातलेली डिलिव्हरीची मुलं उभी राहायला लागली, आधी दोन, मग सात-आठ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेगडीचा आवाज कमी झाला. मला वाटलं पोस्टरमुळे असेल. पदार्थ यायचे मात्र फार पटापट, पाच मिनिटांत टेबलावर, आणि मी येडी त्यालाच सर्व्हिस सुधारली म्हणत होते.

फरसबी तेव्हाच बिघडायला लागली होती. एकदा ओलसर आली, एकदा तर चक्क तपकिरी रश्शात पोहत आली. मी दरवेळी म्हणायचे आज गर्दी आहे, आज नवीन मुलगा असेल आत. आवडत्या हॉटेलाला माणूस किती सवलती देतो बघा.

तर शनिवार. पहिलं आलं हॉट अँड सावर सूप. या सुपाचं खरं तिखट मिरचीचं नसतंच, पांढऱ्या मिरीचं असतं, आंबटपणा काळ्या व्हिनेगरचा, आणि दोन्ही शेवटी घालायचं कारण उकळत ठेवलं की वास उडून जातो. आमच्या वाडग्यात मिरीचा वास नाही, व्हिनेगरचा वास नाही, होती ती एक चकचकीत तपकिरी खळ, लिफाफे चिकटवता आले असते. वर अंड्याच्या नाजूक तारा हव्यात तिथे गोळे. गंमत म्हणजे अर्ध्यावर आल्यावर तेच सूप पाणी पाणी झालं, भाचा म्हणाला, मावशी हे वितळलं बघ. वितळलं नाही रे बाबा, कॉर्नफ्लॉवरचं असंच असतं, एक तर तासन्‌तास गरम ठेवलं की त्याचा दाटपणा मोडतो, आणि वर आपण उष्टा चमचा परत परत बुडवला की लाळेतलं एन्झाइम स्टार्च तोडायला घेतं. दुसरा भाग हॉटेलच्या माथी मारता येत नाही, पहिला येतो.

मग मापो टोफू. याच्यासाठी मी ताईला आणलं होतं, वाटेत गाडीत गोष्टसुद्धा सांगून झाली होती, की चीनच्या सिचुआन प्रांताच्या राजधानीत, चेंगदूमध्ये, एकोणिसाव्या शतकात चेन नावाच्या कुटुंबाचं छोटं खाण्याचं दुकान होतं, ते चालवणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते म्हणून पदार्थाचं नाव पडलं मापो, व्रणांची म्हातारी. त्यात लागतो दोबानजियांग, म्हणजे फावा शेंगांचे दाणे आणि मिरच्या मुरवून केलेला ठेचा, चेंगदूजवळच्या पिशियनचा सगळ्यात नावाजलेला, आणि वरून सिचुआन मिरी. ही मिरी म्हणायला मिरी, कुळ लिंबू-संत्र्याचं, आणि ती तिखट नसते, ओठ झिणझिणवते. लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये लोकांच्या ओठांना ती लावून बघितली तर ती झिणझिण सेकंदाला साधारण ५० कंपनांसारखी जाणवते असं निघालं. मी ताईला सांगून ठेवलं होतं की घाबरू नकोस, ओठ बधिर होतील, ते तसंच असतं.

काहीही बधिर झालं नाही. टोफूचे चौकोन लाल गोड सॉसमध्ये, आणि तो लाल रंग टोमॅटो केचपचा होता, यात मला तिळमात्र शंका नाही, पहिल्याच घासाला कळतं. ताईने खाल्लं, माझ्याकडे बघितलं आणि अतिशय प्रेमाने म्हणाली, "छान आहे गं, मुलांना आवडेल असं आहे." यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुंग पाव चिकन आलं ते त्याच सॉसमध्ये. अक्षरशः त्याच, मी दोन्ही प्लेटींतला सॉस एकाच चमच्याने चाटून बघितला, ताई डोळे वटारत होती तरी. सिचुआनचे गव्हर्नर होते डिंग बाओझेन, छिंग राजवटीतले, त्यांच्या हुद्द्यावरून या पदार्थाला नाव मिळालं असं म्हणतात, आणि त्यात सुक्या मिरच्या तेलात जेमतेम काळपट होईपर्यंत परततात आणि शेंगदाणे अगदी शेवटी टाकतात म्हणजे कुरकुरीत राहतात. आमचे शेंगदाणे मऊ पडले होते. चिकनसुद्धा विचित्र मऊ, स्पंजासारखं दाबलं जाणारं, मागे किंचित साबणाची चव. अंड्याचा पांढरा भाग आणि कॉर्नफ्लॉवर लावून तेलातून किंवा उकळत्या पाण्यातून चटकन काढलं की चिकन रेशमी होतं, ती खरी पद्धत. खायचा सोडा लावला की काम लवकर होतं, पण जास्त पडला किंवा नीट धुतला नाही की हे असं होतं.

भावोजी इथे म्हणाले, "अजिनोमोटो टाकतात ना हे लोक, त्याने चव जाते आणि माझं डोकंही दुखतं." तेव्हा मी आधीच पेटलेली होते त्यामुळे बिचाऱ्यांना लेक्चर ऐकावं लागलं. अहो, ते म्हणजे ग्लुटामेटचं मीठ, १९०८ मध्ये तोक्योच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळाच्या सुपातून शोधलं, तेच ग्लुटामेट टोमॅटोत असतं आणि मुरलेल्या चीजमध्ये तर भरपूर असतं, डोकेदुखीची सगळी बोंब १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका डॉक्टरच्या पत्रापासून सुरू झाली आणि नंतर कुणाला काय दिलंय हे लपवून चाचण्या केल्या तेव्हा तसं धड काही सिद्ध झालं नाही. आणि त्याने चव जात नाही, येते. खरं सांगू का, त्या जेवणात चिमूटभर असतं तर उपकार झाले असते. भावोजी गप्प बसून पाणी प्यायले. सॉरी भावोजी.

भाताबद्दल मात्र थट्टा नाही. फ्राइड राइसला शिळा, थंड केलेला भात वापरतात हे बरोबरच आहे, दाणा सुटा राहतो. पण आमचा भात कडेने गरम आणि मधोमध गार होता, म्हणजे कढई बघितलीच नव्हती त्याने, मायक्रोवेव्हमधून आला होता. शिजलेला भात बाहेर तसाच ठेवला तर बॅसिलस सेरेअस नावाचा जीवाणू वाढतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्याचं उलटी आणणारं विष परत गरम करून जात नाही, म्हणून भात झटपट गार करून फ्रिजमध्ये ठेवायचा असतो. यांनी ठेवला असेलही. पण गार-गरम भात समोर आल्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? मी भाच्याची प्लेट बाजूला केली. वेटरला बोलावलं, त्याने न बोलता भात परत नेला आणि बिलातून काढला, तेवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं.

घरी येताना मी आचाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होते. बदलला असणार, नाहीतर माजला असणार. आठवडाभर हाच विचार, इथे लिहायला बसलेसुद्धा होते, पण मग काय डोक्यात आलं कोण जाणे, मंगळवारी दुपारी तीनला एकटीच गेले. हॉटेल रिकामं. डिलिव्हरीचं एकही पोर दारात नाही. मी फक्त फरसबी आणि साधा भात सांगितला आणि वेटरला विचारलं, "आचारी बदलले का हो?"

"नाही मॅडम, तेच आहेत. फक्त आता सॉस बाहेरून येतो, डबे येतात. मालकांनी सांगितलंय, सगळ्याला तोच. संध्याकाळी ऑर्डरी असतात ना, तेव्हा परतायला वेळच नसतो."

आणि आतून तो आवाज आला. शेगडीचा. पोस्टरमागून काही दिसत नव्हतं पण ऐकू येत होतं, कढईवर पळीचा खणखणाट, मग ती थोडी शांतता जेव्हा सगळं हवेत असतं. फरसबी आली ती पहिल्या दिवसासारखीच, फोड आलेली, कोरडी, धुरकट. मी प्लेट पुसून खाल्ली. म्हणजे हात तेच, आग तीच, फक्त संध्याकाळी सातनंतर त्या माणसाला डबे फोडून पाट्या टाकायला लावलेत आणि तोंडाला पानं पुसली जातायत ती आमच्या.

वाईट जेवणापेक्षा मला याचंच जास्त वाईट वाटलं. मालकाशी बोलायचा प्रयत्न केला, फोनवर होता, हात हलवून "फीडबॅक फॉर्म भरा" म्हणाला. भरला. त्यात जागा तीन ओळींची.

ज्यांना मी आग्रहाने पाठवलं होतं त्यांच्यासाठी आता ताजी माहिती: शनिवार-रविवार संध्याकाळी जाऊ नका. आठवड्यात मधल्या वारी दुपारी उशिरा जा, दारात हेल्मेटवाले दिसले तर परत फिरा. सॉस असलेलं काहीही मागवू नका, कोरड्या परतलेल्या भाज्या सांगा, एकेक प्लेट वेगवेगळी सांगा, एकदम चार नको. सूप विसरा. वाफवलेले डंपलिंग अजून बरे असतात, त्यांची चुण्या घातलेली घडी हाताची आहे, प्रत्येकाची थोडी वेगळी दिसते. पास्ताबद्दल मला विचारू नका.

स्टार म्हणाल तर शनिवारच्या संध्याकाळीला एक, मंगळवारच्या दुपारीला साडेचार, आणि इथे अर्धा स्टार देता येत नाही म्हणून दोन दिलेत. ताईला पुढच्या वेळी मंगळवारी दुपारी नेणार आहे, ती यायला तयार नाहीये.